खालची टोपली

दोष काढायचा पगार घेतलेली बाई गल्लीत एकच. भाच्याने लहानपणी मारलेली 'आत्या' ही हाक गल्लीने उचलली आणि ती सगळ्यांचीच आत्या झाली. पाठीमागे तिला 'भिंग' म्हणत. तेही तिला ठाऊक होतं, कारण गल्लीतली एखादी गोष्ट आत्याला ठाऊक नसणं ही गोष्टच गल्लीत नव्हती.

मोज्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तिची उभी हयात गेली. समोर गुडघ्यापर्यंतचा एक लाकडी पाय, गुळगुळीत, माणसाच्या पायापेक्षा सुबक. त्यावर मोजा चढवायचा, ट्यूबलाइटखाली फिरवायचा, कुठे सुटलेला टाका, कुठे चवड्यावरची जाड शिवण, कुठे वाकडी टाच हेरायची आणि उतरवायचा. चांगला मोजा वरच्या ट्रेमध्ये, बिघडलेला खालच्या टोपलीत. लग्नासाठी सांगून आलेली स्थळंही तिने याच पद्धतीने पाहिली म्हणतात. सगळी टोपलीत गेली.

त्या टेबलाची एक रीत होती. आपसात एकमेकींच्या कामाची कितीही खरडपट्टी काढा, पण माल घेणारी माणसं कारखाना बघायला आली की टोपलीवर जुनी चादर पडायची आणि आत्या स्टूल ओढून नेमकी तिच्यापुढे बसायची. "दोष किती निघतात?" पाहुणे विचारत. आत्या त्यांच्याकडे असं बघायची, की जणू त्यांनी घरातल्या मुलीच्या चालीबद्दल विचारलंय. "आमच्याकडे? नाही निघत." वाईट मोजा बाहेर जाऊ देत नव्हतीच ती, मग टोपली परक्याला दाखवायचं काय अडलंय, असा तिचा सरळ हिशेब.

निवृत्त झाल्यावर लाकडी पाय कारखान्यात राहिला आणि त्याची जागा वहिनीने घेतली.

वहिनी म्हणजे भावाची बायको. भाऊ गेला, भाचा जहाजावर इंजिनियर म्हणून समुद्रात गेला, आणि वरच्या मजल्यावर एका ओट्यावर दोन शेगड्या पेटवून या दोघी राहिल्या. खाली वहिनीचं पार्लर. दोन खुर्च्या, त्यातली एक बिघडलेली. तिच्यावर गिऱ्हाईक बसलं की ती हळूहळू खाली जायची, आणि केस कापून होईतो बाईला आरशात स्वतःचं फक्त कपाळ दिसायचं. आत्या रोज म्हणे, "वहिनी, खुर्ची नीट कर." वहिनी रोज म्हणे, "वन्सं, लोकांना जमिनीवर आणण्याचं काम तुम्ही एकटीनेच का करावं?" विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात ते हे, पण विळा आणि भोपळा राहतात एकाच स्वयंपाकघरात, हे कोणी सांगत नाही.

पार्लर चालवायचं तर केस कापता येणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे कोणाचं काय, कोणापुढे बोलायचं नाही, हे लक्षात ठेवणं. वहिनी त्यात उस्ताद होती. मुख्याध्यापिकेचा अंबाडा विकतचा आहे, हे मुख्याध्यापिका आणि वहिनी सोडून तिसऱ्या कानाला माहीत नव्हतं. दर सोमवारी, पार्लर बंद असताना, व्यायामशाळेचा दांडगा मास्तर मागच्या दाराने भुवया कोरून घ्यायला यायचा, हेही नाही.

आणि मग एका भरल्या दुपारी, मास्तरच्या चार शिष्यांच्या आया ओळीने बसलेल्या असताना, वहिनी त्यातल्या एकीला प्रेमाने म्हणाली, "तुमच्या भुवया किती सोप्या हो. मास्तरांना फार दुखतं."

संध्याकाळपर्यंत व्यायामशाळेत वजनं कोणी उचलेना. सगळे मास्तरच्या कपाळाकडे बघत उभे. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापिकेचा अंबाडा गेला. म्हणजे डोक्यावरच होता, पण गल्लीच्या नजरेतून गेला. गल्ली पोट धरून हसली. आत्या हसली नाही. ती पुरी तपासनीस. तिला दिसलं ते वेगळंच. वहिनीला गुपित नीट आठवत होतं. ते गुपित आहे, एवढंच निसटलं होतं. एक टाका. पण मोजा उसवतो तो एकाच टाक्यापासून.

त्या दिवसापासून आत्याने आपलं स्टूल पार्लरच्या कोपऱ्यात मांडलं. बघणाऱ्याला वाटे, म्हातारीला वरती करमत नाही म्हणून खाली छळायला येते. ती वर्तमानपत्र तोंडापुढे धरायची आणि पदराआड एक टायमर ठेवायची. डोक्याला रंग लावून वहिनी दुसरीकडे रमली, की वेळेवर पेपराआडून आवाज यायचा, "वहिनी, त्या बाईचं डोकं काय भाजायला ठेवलंयस?" रंग धुतला जायचा, बाई वाचायची, आणि जाताना वहिनीला हळूच म्हणायची, "कसं काय सहन करता हो तुम्ही?"

हे आत्याला बरंच सोयीचं होतं. टोचून बोलणाऱ्या बाईवर कोणी मायेचा संशय घेत नाही.

पण जहाजावरच्या भाच्याला फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागली. त्याने समुद्रातूनच इस्पितळाची वेळ ठरवली. तपासण्या झाल्या, आणि स्मृतीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं, की हा अल्झायमर आहे, पण अगदी सुरुवात आहे. मग म्हणाल्या, "एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे. अशाच, सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांसाठी. शिरेतून द्यायचं. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. कोणाला काय मिळालं हे तुम्हाला कळणार नाही, आणि मलाही नाही."

"तुम्हालाही नाही?" वहिनी म्हणाली. "म्हणजे तुमच्या तोंडाचा भरवसा नाही त्यांना."

"तसंच काहीसं."

"शहाणी माणसं. मी पार्लर अशाच पद्धतीने चालवायला हवं होतं."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांनी सगळं सांगितलं. औषध बरं करीलच असं नाही. झालं तर घसरण हळू करील. मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून मधूनमधून मेंदूचे फोटो काढावे लागतील. नको वाटलं त्या दिवशी सोडता येईल. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला कात्री सोडायची नाहीये. हळू तर हळू. नाही तर दिवसभर वन्संपुढे घरात बसावं लागेल, आणि त्या मला लाकडी पायावर चढवतील."

"आणखी एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक सोबतीण लागेल. रोज तुमच्याबरोबर असणारी. तुम्ही काय विसरता, कुठे अडता, हे आम्हाला स्पष्ट सांगणारी. विसरणाऱ्याला आपण काय विसरलो ते सांगता येत नाही ना."

वहिनीने नुसता अंगठा आत्याकडे केला. "माझे दोष सांगायला यांच्याइतकं लायक माणूस त्रिभुवनात मिळायचं नाही. पगारी होत्या."

आत्याची मान ताठ झाली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या गुणाची लेखी मागणी केली होती.

मुलाखतीच्या दिवशी दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत नेलं. वहिनीच्या खोलीत तिला शब्द सांगितले, गोष्ट सांगितली, घड्याळ काढायला लावलं. घड्याळाचं तोंड गोल, आकडे जागच्या जागी, फक्त काटे जेवायला गेल्यासारखे. सांगितलेल्या शब्दांपैकी तिला 'खुर्ची' आठवला, तोही खोलीत खुर्ची होती म्हणून. आत्याच्या खोलीत एक प्रश्नवाली होती. तरुण, सभ्य, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी, मांडीवर टॅबलेट.

"काकू, त्यांची स्मरणशक्ती कशी आहे?"

आत्याने तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं. आणि तेवढ्यात तिला दिसलं, की समोर परकी पोर बसली आहे, घर बघायला आलेली, हातात लिहायचं घेऊन.

पाय आपोआप स्टूल शोधायला लागले.

"कशी म्हणजे?" आत्या म्हणाली. "उत्तम. मी तिला पहिल्यांदा बोलले तो वार तिला अजून आठवतो."

"रोजच्या गोष्टी? गॅस, किल्ल्या?"

"आमच्या घरात किल्ली हरवत नाही."

"ओळखीच्या रस्त्यावर कधी गोंधळतात?"

इथे आत्या जराशी थांबली. "डोळे बांधून येईल घरी," ती म्हणाली.

बाहेर पडल्यावर वहिनीने विचारलं, "काय काय काढलंत माझं?"

"जे काढायचं ते," आत्या म्हणाली, आणि बसथांब्यापर्यंत तिच्या पुढेच चालली.

दोन-चार दिवसांनी बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर काही नव्हतं, नुसते त्यांचे दोन हात होते. "अडचण आहे," त्या म्हणाल्या. "चाचण्या सांगतात, या विसरताहेत. सोबतीण सांगते, काहीसुद्धा विसरत नाहीत. असं असलं तर आम्हाला घेता येत नाही. आणि नियम बाजूला ठेवा. सोबतिणीला आत्ताच काही दिसत नसेल, तर उद्या औषधाने फरक पडला की नाही, हे मला कोण सांगणार? या आठवड्याअखेर जागा भरतील. त्याआधी एकदा पुन्हा मुलाखत घेते. नाही तर दुसरी सोबतीण आणा."

परतीच्या बसमध्ये वहिनी एक शब्द बोलली नाही. तिने गप्प बसावं म्हणून आत्याने आजवर पुष्कळ नवस केले असतील, पण ते असं फळावं अशी तिची इच्छा नव्हती.

पार्लरमध्ये आल्यावर वहिनीने दाराची पाटी 'बंद'कडे फिरवली आणि त्या बिघडलेल्या खुर्चीत बसली.

"काय सांगितलंत तुम्ही तिला?"

"चांगलं सांगितलं."

"का?"

"परकी पोर ती. तिच्यापुढे घरातलं उणं काढू?"

"वन्सं, उभा जन्म तुमच्या नळाला पाणी होतं. आग लागली त्या दिवशी बंद?"

खुर्ची खाली जायला लागली होती.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते," आत्या म्हणाली.

"ती मूठ बाजारात. डॉक्टरपुढे मूठ उघडली नाही तर नाडी कुठली बघणार ती?" वहिनीचा आवाज चढला नाही, नुसता बारीक झाला. "तुम्हाला वाटतं मला कळत नाही. तुमच्या पदराखालचा टायमर वाजतो तो मला ऐकू येतो. मी चालू ठेवलेला गॅस कोणीतरी बंद केलेला असतो. किल्ली कुलपातून उडून खिळ्यावर कशी जाते, ते मला माहीत आहे. मी काही बोलले नाही, कारण तुम्हाला तेवढंच एक काम उरलंय."

"काहीतरीच."

"पण हे झालं मला दिसतं ते. जे मला दिसत नाही, ते? ते तुमच्याकडेच आहे ना. माझं विसरलेलं सगळं तुमच्याकडे आहे वन्सं, आणि तुम्ही त्याच्यावर बसलाय."

खुर्ची तळाला टेकली. आरशात वहिनीचं आता कपाळच दिसत होतं, आणि त्यावरची एक आठी. आत्याने पेपर उघडला, तो उलटा निघाला, तिने मिटला.

गल्लीला बातमी लागायला किती वेळ. दुसऱ्या दिवशी सोबतीसाठी उमेदवारांची रांग लागली. व्यायामशाळेचा मास्तर स्वतः आला, भुवया आडव्या करून. "मला बोलवा," म्हणाला. "मला सांगायला पुष्कळ आहे." मुख्याध्यापिकेने मुद्देसूद बोलायची तयारी दाखवली. आत्या दारात उभी राहिली आणि तिने दोघांनाही एकाच नजरेत टोपलीत टाकलं. "आमच्या वहिनीचे दोष," ती म्हणाली, "आम्ही काढू."

म्हणाली खरी. पण आठवड्याच्या शेवटी त्याच खोलीत, त्याच प्रश्नवालीपुढे बसल्यावर जीभ पुन्हा टाळूला. पोरीने विचारलं, "गेल्या आठवड्यातली एखादी गोष्ट, त्या विसरल्या अशी?" आत्या म्हणाली, "तशी..." आणि थांबली. "म्हणजे वयच..." आणि थांबली. तिने पाणी मागितलं. पाण्याच्या पेल्यालाही काठावर टवका होता, तो तिने पोरीला दाखवला. तेवढं लगेच जमलं.

"वहिनीला इथे बसवता येणार नाही का?" ती शेवटी म्हणाली.

"नाही काकू. वेगवेगळ्याच मुलाखती घ्यायच्या असतात."

"मला तिच्या तोंडावर बोलायची सवय आहे गं. पाठीमागे नाही बोलता येत."

ही गोष्ट तिला स्वतःलाही तेव्हाच कळली. गल्लीला तर अजून खरी वाटत नाही.

वहिनीचा स्वेटर आत्याच्या हातात होता. त्या खोल्या गार असतात म्हणून आणलेला. आत्या उठली, तिने तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला घातला, बाह्या पुढे घेतल्या, पहिलं बटण लावलं. "माणसाला बसू देत नाही तुमचा नियम," ती म्हणाली. "स्वेटरचं काही म्हणणं नाही ना?"

प्रश्नवालीने दाराकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली.

मग आत्या स्वेटरकडे वळली, आणि नळ सुटला.

"वहिनी, काय हे. सकाळी चहा केलास, मला दिलास, स्वतः प्यायलीस, आणि परत आधण ठेवलंस. मी काही बोलले नाही, दुसरा प्यायले. तिसराही प्यायले. माझ्या पोटाचं काय झालं असेल? आणि परवा त्या शिंपिणीचे केस धुतलेस, पुसलेस, आणि पुन्हा धुवायला घेतलेस. ती बिचारी समजली जास्त मान दिला. पोराचा फोन आला की त्याला तेच तेच विचारतेस, पाऊस आहे का तिकडे. अगं समुद्रात आहे तो, पाण्याचं काय विचारतेस? आणि विजेचं बिल दोनदा भरून आलीस, घोडी. पैसे वर आले का आपले?"

प्रश्नवालीची बोटं चालत होती.

"आणि त्या दिवशी," आत्या म्हणाली, आणि तिने खुर्ची स्वेटरच्या जवळ ओढली, "त्या दिवशी भाजी घेऊन निघालीस आणि औषधाच्या दुकानाच्या चौकात उभी राहिलीस. कुठल्या रस्त्याने वळायचं ते तुला कळेना. पिशवी या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात. सायकलवाल्याने विचारलं, कुठे जायचंय, तर म्हणालीस, कुठे नाही, उभी आहे. मग भलत्याच रस्त्याने गेलीस, गोल फिरून आलीस, आणि मला म्हणालीस, जरा पाय मोकळे केले. मला सगळं माहीत आहे. मी मागेच होते. रोजच असते मी मागे. पुढे येऊन तुझा हात धरला असता, पण मग तुला कळलं असतं की मी पाहिलं. म्हणून नाही धरला. ते एक चुकलं माझं. बाकी सगळं तुझं."

पोरीने टॅबलेटवरून मान वर केली.

"काकू," प्रश्नवाली म्हणाली, "तुमच्याच शब्दांत लिहिलं तर चालेल?"

आत्याने स्वेटरचं बटण काढलं आणि त्याची नीट घडी घातली. "'घोडी' तेवढं गाळ," ती म्हणाली.

वहिनीची निवड झाली. पुढे रक्त, मेंदूचे फोटो, पुन्हा रक्त हे सगळं यथासांग झालं आणि पहिल्या डोसचा दिवस उजाडला. आरामखुर्ची छान होती, मुख्य म्हणजे खाली जात नव्हती. सलाईनच्या पिशवीवर एक गडद आवरण चढवलेलं होतं, आतलं कोणाला दिसू नये म्हणून. आत्याने ते खालून पाहिलं, बाजूने पाहिलं, उजेडाकडे धरता येईल का असं नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, नाही. आत्याला राग आला नाही. टोपलीवरची चादर तिच्या ओळखीची होती.

"खरं असेल की पाणी?" वहिनीने विचारलं.

"तुला काय वाटतंय?"

"हाताला गार लागतंय. दोन्ही गारच असणार म्हणा." तिने नर्सकडे पाहिलं. "तुमच्या केसांना फाटे फुटलेत हो. सोमवारी या मागच्या दाराने. आमच्याकडे मास्तरही—"

"वहिनी," आत्या म्हणाली.

वहिनी थांबली. तिने आत्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून एक ढग सरकला, आणि मग ती हसली. "हं. ते सांगायचं नसतं, नाही का?"

"नसतं."

"मग असं वेळेवर तोंडावर सांगत जा ना. पेपराआडून कशाला."

संध्याकाळी दोघी घरी पोचल्या. वहिनीने पार्लरचं दार उघडलं, दिवा लावला आणि ती आत गेली. किल्ली कुलपातच राहिली, बाहेरच्या बाजूला. आत्याचा हात सवयीने पुढे झाला. किल्ली गुपचूप काढायची आणि खिळ्यावर टांगायची. मग तो हात थांबला, आणि आत्या उंबऱ्याबाहेरून मोठ्याने म्हणाली, "वहिनी, किल्ली बाहेर विसरलीस."

वहिनी मुकाट्याने आली, किल्ली काढली, स्वतः खिळ्यावर लावली. बऱ्याच दिवसांनी तिने ती स्वतः लावली. मग आत्याकडे वळून तिने तिच्या पायांकडे पाहिलं.

"वन्सं, तुमचा डावा मोजा उलटा आहे."

आत्याने खाली पाहिलं. शिवण बाहेर, धागे लोंबत असलेले. इस्पितळभर, डॉक्टरीणबाईंसमोर, नर्ससमोर, बसमध्ये, ती तशीच हिंडली होती.

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

"आणि आत्ता सांगतेस?"

"मग काय," वहिनी म्हणाली, "परक्या माणसांपुढे सांगू?"